साँग ऑफ अकिलीज: एक फर्मा कमी आणि पॅट्रोक्लस अर्धा

पुस्तक काय आहे हे सांगत बसत नाही. मॅडलिन मिलरची कादंबरी, २०११, पुढच्या वर्षी ऑरेंज प्राइझ, आणि दहाएक वर्षांनी टिकटॉकवर रडणाऱ्या पोरापोरींमुळे पुन्हा धो धो विक्री. ग्रीकांचं ट्रॉय शहराशी युद्ध, ग्रीकांचा वीर अकिलीज आणि त्याचा सोबती पॅट्रोक्लस यांचं प्रेम, सांगणारा पॅट्रोक्लस. शेवट फोडल्याचा आरोप कुणी करू नये, तो फुटून पावणेतीन हजार वर्षं झाली.

मी हे घेतलं भाचीच्या नादाने आणि छापील किमतीच्या निम्म्यात. निम्म्यात कसं मिळालं ते नंतर कळलं. कागद पारदर्शक, मुखपृष्ठाचा रंग उतरल्यासारखा आणि आतला एक फर्मा दोनदा बांधलेला. म्हणजे त्याच्या पुढचा फर्मा गायब, अख्खी सोळा पानं. तीही कुठली? पॅट्रोक्लस अकिलीजचं चिलखत चढवतो तिथपासून. पुढचं पान उघडलं तर अकिलीज कुणाच्या तरी प्रेताला कवटाळून बसलाय आणि पॅट्रोक्लस आपला बोलतोच आहे. प्रेत त्याचंच आहे हे उमगायला मला दीड पान लागलं. पायरेटेड प्रत घेणाऱ्याला हीच शिक्षा असं ज्यांना म्हणायचंय त्यांनी खुशाल म्हणावं, पण साइटवर ‘ओरिजिनल’ असं ठळक लिहिलं होतं.

विक्रेत्याशी झालेला संवाद थोडक्यात सांगते. गैरसोयीबद्दल क्षमस्व. फोटो पाठवा. पाठवले. फोटोत गहाळ पानं दिसत नाहीत, व्हिडिओ पाठवा. गहाळ पानांचा व्हिडिओ कसा काढायचा हे सांगा म्हटलं, तर पुन्हा गैरसोयीबद्दल क्षमस्व. शेवटी एक कूपन आलं, तेही हजाराच्या वरच्या खरेदीवर.

खरेदी कसली करतेय. ही गोष्ट मुळात ज्यात येते त्या होमरच्या इलियड या ग्रीक महाकाव्याचं सॅम्युअल बटलरने केलेलं १८९८ सालचं गद्य भाषांतर इंटरनेटवर फुकट आहे. झ्यूसला जोव्ह, ओडिसिअसला युलिसिस अशी सगळी रोमन नावं त्यात असल्यामुळे पहिले दोन दिवस कोण कुणाचा हे लावण्यात गेले. पण गहाळ भाग तिथे चोवीस सर्गांपैकी सोळाव्यात अख्खाच्या अख्खा आहे, म्हणून बसले वाचत. नंतर चडफडत दुकानातून पूर्ण किमतीची प्रत घेतली आणि तोच भाग मिलरबाईंकडूनही वाचला. तेव्हापासून हे पुस्तक माझ्या डोक्यातून जात नाही, आणि कारण प्रेमकथा नव्हे. कारण कालवं.

सोळाव्या सर्गात पॅट्रोक्लस ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर याच्या सारथ्याला, केब्रिओनीसला, दगड मारतो. दगड कपाळावर बसतो, भुवया चिरडतात, डोळे निखळून धुळीत पडतात आणि सारथी रथातून डोक्यावर खाली येतो. यावर पॅट्रोक्लस काय म्हणतो? वा, काय सूर मारतो हा गडी! समुद्रावर असता तर खवळलेल्या पाण्यात बुड्या मारून एवढी कालवं काढली असती की सगळ्यांची पोटं भरली असती. समोर माणसाचे डोळे पडलेत आणि हा विनोद करतोय. त्यानंतर तीन वेळा चाल करून जातो आणि दर वेळी नऊ माणसं मारतो. जहाजांपासून शत्रूला हटव आणि परत ये, एवढंच अकिलीजने बजावलेलं असतं. हा ट्रॉयच्या भिंतीला जाऊन भिडतो. अपोलो देवाला स्वतः येऊन त्याच्या पाठीत तडाखा द्यावा लागतो, मग ट्रॉयच्या युफोर्बसचा भाला आणि शेवटी हेक्टर.

कादंबरीतला पॅट्रोक्लस असं वाक्य सात जन्मांत बोलणार नाही. तोही ट्रॉयच्या बाजूने लढणाऱ्या सार्पेडॉनला मारतो, भिंतीवरही चढतो, पण सगळं स्वतःलाच नवल वाटावं अशा बेताने. एरवी तो वैद्यांच्या तंबूत जखमा बांधणारा, लाजराबुजरा, आपण अकिलीजच्या पासंगालाही पुरत नाही असं मानणारा. वाचक त्याच्या प्रेमात पडावा म्हणून त्याच्या हाताला फारसं रक्तच लागू दिलेलं नाही. माझ्या मते इथेच घाटा झालाय. शांत, सालस माणूस मेल्यावर वाईट कुणालाही वाटतं. आपल्यासारख्याच मग्रूर, खुनशी माणसावर कुणी इतका जीव लावतो आणि तो गेल्यावर वेडापिसा होतो, हे होमरने पेललेलं ओझं त्याहून जड आहे.

इथपर्यंत मत लिहून मी एक तारा कापून ठेवला होता. मग अकरावा सर्ग वाचला. युरिपिलस नावाचा ग्रीक योद्धा मांडीत बाण घेऊन लंगडत येतो. पॅट्रोक्लस त्याला तंबूत नेऊन निजवतो, सुरीने बाणाचं टोक कापून काढतो, कोमट पाण्याने काळं रक्त धुतो आणि कडू मुळी हाताने चुरून जखमेवर दाबतो. शेजारी लढाई चाललेली, आणि होमर या एका मांडीपाशी थांबतो. म्हणजे वैद्य पॅट्रोक्लस बाईंच्या मनचा नाही. सतराव्या सर्गात ग्रीक राजा मेनेलाओसही सांगतो की हा सगळ्यांशी मायेने वागायचा. कापलेला तारा अर्धा परत केला. होमरकडे दोन्ही पॅट्रोक्लस एका अंगात राहतात, कादंबरीने त्यातला एक ठेवून घेतला आणि कालवंवाला घरी पाठवला.

उरलेला अर्धा तारा मात्र परत मिळणार नाही. ब्रायसिस या युद्धात पकडून आणलेल्या बाईमुळे. कादंबरीत युद्धात पकडलेल्या बायकांना इतरांच्या तावडीतून सोडवण्यासाठी पॅट्रोक्लस अकिलीजला त्या मागून घ्यायला लावतो, आणि त्यांचा तळ म्हणजे जणू माहेर होतं. वाचायला फार गोड. इलियडच्या नवव्या सर्गाच्या शेवटी काय आहे बघा. रुसलेल्या अकिलीजला लढाईत परत आणायच्या वाटाघाटी फिसकटतात, सगळे झोपायला जातात. अकिलीजशेजारी लेस्बॉसहून आणलेली डायोमिडी, आणि समोरच्या बाजूला पॅट्रोक्लसशेजारी इफिस. ही इफिस अकिलीजने स्कायरॉस जिंकल्यावर त्याला दिलेली. देऊन टाकलेली, वस्तू दिल्यासारखी. प्रेमकथेत इफिसला जागाच नाही. आणि एकोणिसाव्या सर्गात ब्रायसिस पॅट्रोक्लसच्या प्रेतावर पडून रडते ते काय म्हणून? माझा नवरा आणि तीन भाऊ मारले गेले तेव्हा तू मला रडू दिलं नाहीस, अकिलीजशीच तुझं लग्न लावून देईन म्हणालास. अहो, नवऱ्याला मारणाराच हा अकिलीज! त्या बाईला मिळालेला सगळ्यात मोठा आधार हा. तो वाचल्यावर कादंबरीतला तळ मला सजवलेला वाटायला लागला.

आता दुसऱ्या बाजूने. ‘असं काही नव्हतंच, लेखिकेने आजचं घुसडलं’ म्हणून एक तारा देणारे बरेच दिसले. होमर त्यांना उघडपणे प्रेमी म्हणत नाही हे खरं. पण इसवीसनापूर्वी पाचव्या शतकात एस्किलस या ग्रीक नाटककाराने त्यांना प्रेमी म्हणूनच रंगवलं. तत्त्वज्ञ प्लेटोच्या सिंपोझियम या संवादात फीड्रस नावाचा गृहस्थ त्यावरून भांडतो, तेही प्रेम होतं का यावर नाही, दोघांत थोरला कोण यावर. त्यामुळे तक्रार करायची तर अडीच हजार वर्षं मागे जाऊन करा. आईने नदीत बुडवताना धरलेली म्हणून तेवढीच कमजोर राहिलेली ती टाच, ‘तिचं काय झालं’ विचारणाऱ्यांनाही हेच उत्तर. स्टिक्स नदीत बुडवलेलं बाळ पहिल्यांदा सापडतं ते स्टेशियस या रोमन कवीकडे, इसवीसनाच्या पहिल्या शतकात. होमरला टाच ठाऊक नाही.

मेलेला माणूस गोष्ट सांगत राहतो याचा मला सुरुवातीला राग होता. आपल्याकडे मृत्युंजयमध्ये सावंतांनी कर्णाचा शेवट कृष्णाच्या तोंडी दिला, ते मला कधीही जास्त प्रामाणिक वाटतं. पण तेविसाव्या सर्गात पॅट्रोक्लसचं भूत येऊन सांगतं की मला लवकर दहन द्या, इतर सावल्या मला नदीपलीकडे येऊ देत नाहीत, आणि आपल्या दोघांच्या अस्थी एकाच कलशात ठेवा. मिलरबाईंनी त्याच भटकत्या भुताला शेवटची प्रकरणं देऊन टाकली आहेत. मूळ गोष्टीतूनच निघालेली युक्ती आहे, चालते. अकिलीजच्या आईबरोबरचं, थेटिस देवीबरोबरचं, शेवटचं प्रकरण तर दुसऱ्या वाचनात जास्त लागलं.

बाकी मालाबद्दल थोडक्यात. मिलरबाईंचीच सर्सी (२०१८) ही कादंबरी जास्त टिकाऊ, कारण तिथे नायिकेला चांगली दाखवायची धडपड कमी आहे. ती माणसांची डुकरं करते आणि का करते ते वाचून आपण तिच्या बाजूचे होतो, पण डुकरं डुकरंच राहतात. पाताळाचा देव हेडीस आणि त्याने पळवलेली पर्सेफनी यांच्या प्रेमकथांपासून मात्र लांब राहा. मूळ ग्रीक स्तोत्रात मुलगी फुलं तोडताना जमीन फाटते आणि तिला रथात घालून पळवलं जातं. आई मशाली घेऊन नऊ दिवस शोधते आणि पुढे जगातलं धान्य थांबवते. नव्या कादंबऱ्यांत पळवणारा होतो दुखरा, समजूतदार श्रीमंत, आणि खलनायिका कोण, तर मुलीला मोकळं न सोडणारी आई! पळवून नेणारा देखणा निघाला की सगळं माफ, हे आपल्याकडच्या सिनेमांत बघून झालंय, त्यासाठी ग्रीसला जायची गरज नाही.

साँग ऑफ अकिलीजला साडेतीन. पूर्ण किमतीला घ्या, सोळावा सर्ग फुकट वाचा, क्रम कुठलाही चालेल. भाचीला मी केब्रिओनीसचा प्रसंग वाचून दाखवला. ती म्हणाली, ‘मावशी, हे पुस्तकात असतं तर मी तिथेच बंद केलं असतं.’ आता ती पॅट बार्करची द सायलेन्स ऑफ द गर्ल्स वाचतेय, तिथे गोष्ट ब्रायसिसच सांगते. तिचं झालं की माझा नंबर.