छोट्या सभागृहातली मैफल की मोठा महोत्सव? लोकसंगीत ऐकायला कुठे जावं

एकच कलावंत एखाद्या छोट्या सामुदायिक सभागृहात गाणार आहे आणि पुढे एका मोठ्या महोत्सवातही. तुम्हाला जमणार मात्र एकाच ठिकाणी. अशा वेळी बहुतेक जण महोत्सवाकडे झुकतात. मी आधी वाद्य कोणतं आहे ते बघेन.

पश्चिम आफ्रिकेतला कोरा घ्या. अर्ध्या भोपळ्यावर ताणलेलं कातडं, 21 तारा, आणि वाजवायला दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या. अंगठे खालच्या स्वरांची साथ धरून असतात, तर्जन्या वर सुरावटी विणत जातात. शंभर-दीडशे माणसांच्या सभागृहात हे दोन्ही पदर वेगळे ऐकू येतात आणि बोटंही दिसतात. मैदानावर मात्र नजर पडद्याकडे लावून बसावं लागतं. झिम्बाब्वेतल्या म्बिराची, म्हणजे लाकडी फळीवर बसवलेल्या धातूच्या पट्ट्या बोटांनी छेडायच्या वाद्याची, गत आणखी नाजूक. त्याला शिंपले किंवा बाटल्यांची बुचं मुद्दाम बसवलेली असतात, पट्ट्या छेडल्या की ती झणझणतात. ही झणझण त्या संगीताचाच भाग आहे, पण मोठ्या यंत्रणेवर नवख्याला स्पीकर फाटल्यासारखा वाटतो! रशियाच्या तुवा प्रांतातलं खोमेई, म्हणजे एकाच गळ्यातून निघणारा खालचा स्थिर स्वर आणि त्यावर तरंगणारा शिटीसारखा दुसरा, हेही शक्यतो माइकशिवाय, जवळून ऐकावं.

आता उलटी बाजू. स्कॉटलंडच्या हायलँड बॅगपाइपमध्ये हळू वाजवण्याची सोयच नाही. बंद खोलीत तासभर ते ऐकलं की कान किटतात. त्याला मोकळं आकाशच हवं. बाल्कन देशांतले पितळी वाद्यांचे ताफे किंवा मोठ्या ढोलांचे संच यांच्यासाठीही मी बिनदिक्कत मैदान निवडेन. शिवाय ते संगीत नाचण्यासाठीच आहे, खुर्चीत बसून ते अर्धंच पोचतं.

आवाजाचा हिशेब साधा आहे. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे 6 डेसिबलने उतरतो आणि परत फेकायला भिंती नसतात. म्हणून महोत्सवात यंत्रणेवाचून गत्यंतर नाही. मंचापासून शंभर मीटरवर उभे असाल तर मंचावरचा आवाज जवळपास 0.3 सेकंद उशिरा पोचतो; काठी ढोलावर पडलेली आधी दिसते, ठोका मागून येतो. सभागृहात भिंती मदत करतात, पण त्याच घातही करतात. उंच छत, उघड्याबोडक्या भिंती आणि कडक फरशी असेल तर आवाज घुमतो आणि शब्द एकमेकांत मिसळतात. माणसं भरली की कपडे आणि शरीरं तो घुमारा बराचसा शोषून घेतात. त्यामुळे अशा जागी अर्धी रिकामी मैफल बऱ्याचदा भरलेल्या मैफलीपेक्षा वाईट ऐकू येते.

महोत्सवाचा खरा फायदा चाखून बघण्याचा. नाही आवडलं तर उठून दुसऱ्या मंचाकडे जाता येतं. सभागृहात निदान मध्यंतरापर्यंत तुम्ही अडकलेले. पण गाण्याची भाषा कळत नसेल तर मी तरीही सभागृहच सुचवेन, कारण तिथे कलावंताला बोलायला उसंत असते. हे पाळणागीत आहे की कामाचं गाणं, कथेत कोण मेलं, धून कुणाकडून आली, हे दोन गाण्यांच्या मध्ये सांगितलं जातं. महोत्सवात पुढचा संच वाट बघत असतो, तिथे घड्याळच मुख्य.

जाहिरातीत नुसतं ‘वर्ल्ड म्युझिक’ लिहिलं असेल तर त्यावरून काहीच ठरवू नका. हे लेबल 1987 साली लंडनमध्ये काही ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी दुकानातला कप्पा ओळखता यावा म्हणून पक्कं केलं. त्यात कोराही येतो आणि पितळी ताफाही. प्रदेश, वाद्यं आणि मंचावर किती जण असतील, एवढं आयोजकांना विचारा. त्यांनी ‘सगळं माइकवर’ असं सांगितलं आणि सभागृह छोटं असलं, तर माझं मत थोडं बदलतं: जवळ बसण्याचा निम्मा फायदा तिथेच गेला.

जागेचंही तसंच. माइक नसेल तर जितकं पुढे बसाल तितकं चांगलं. माइक असेल तर पहिली रांग टाळा. मुख्य स्पीकर बहुधा दोन्ही कडांना असतात आणि त्यांचा आवाज तुमच्या बाजूने निघून जातो. मधल्या रांगांत, दोन्ही स्पीकरपासून सारख्या अंतरावर बसा. आणि नाचायचं असेल तर खुर्च्या हलवणार आहेत का, हे तिकीट काढण्याआधीच विचारून ठेवा.