रंगाचं सांडपाणी: प्लाझ्मा, ओझोन की फेंटन?

प्रोसेस हाऊसच्या (कापड रंगवणाऱ्या कारखान्याच्या) ईटीपीतून, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेतून, शेवटी लालसर पाणी निघतंच. त्यासाठी प्लाझ्माचं (विजेच्या विसर्गाने पेटवलेल्या वायूचं) कोटेशन हातात असेल, तर सही करण्याआधी एवढं वाचा.

डेमोत लालभडक नमुना प्लाझ्माखाली फिका पडत जातो आणि अखेर नितळ होतो. बघणारा भाळतोच. पण रंग गेला म्हणजे रेणूतला ॲझो बंध (रंग देणारा नायट्रोजनचा दुवा) तुटला, इतकंच. उरलेले तुकडे पाण्यातच असतात आणि त्यातले काही मूळ रंगापेक्षाही घातक असू शकतात. म्हणून बाटलीकडे बघू नका, सीओडीचा (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) आकडा मागा.

फेंटन सगळ्यात स्वस्तात उभं राहतं. हिराकस आणि हायड्रोजन पेरॉक्साइड, बस्स. मात्र पाण्याचा पीएच ३ च्या आसपास लागतो. आपलं पाणी सोड्याचं, अल्कधर्मी, म्हणजे आधी आम्ल ओता, मग चुना, आणि लोखंडाचा गाळ उचलत बसा. रोजचं पाणी थोडं असेल तरच हे परवडतं.

ओझोन वायू पाण्यात सोडला तर गाळ नाही. सीमेन्सने १८५७ मध्ये बनवलेल्या ओझोनेटरच्या (ओझोन तयार करणाऱ्या यंत्राच्या) नळीतही विद्युत विसर्गच होता, म्हणजे प्लाझ्माच. फक्त तो पाण्याबाहेर. म्हणूनच पाण्यातलं मीठ त्याला आड येत नाही.

प्लाझ्मा थेट पाण्यात किंवा पाण्यावर पेटवला की हायड्रॉक्सिल रॅडिकल (घाण तोडणारे अतिशय क्रियाशील कण), ओझोन, पेरॉक्साइड, अतिनील किरण सगळं जागेवरच तयार होतं. रसायन विकत घ्यायला नको. पण रिॲक्टिव्ह डाइंगच्या (सुती कापडाच्या रंगाईच्या) पाण्यात मीठ आणि सोडा भरपूर. खारट पाण्यातून करंट तसाच वाहून जातो, विसर्ग नीट धरत नाही. वर सोड्यातलं कार्बोनेट रॅडिकल खाऊन टाकतं. हवा वापरली तर नायट्रेट वाढतं. वीजबिल तुमचं.

प्लाझ्मा खरा उजवा ठरतो तो वॉटरप्रूफ फिनिशमधल्या पीएफएएसवर (सहज न तुटणारी फ्लोरिनयुक्त रसायनं). हे रेणू साबणासारखे बुडबुड्याच्या कडेला गोळा होतात आणि आर्गॉनच्या प्लाझ्मातले इलेक्ट्रॉन त्यांना तिथेच गाठतात. ओझोन किंवा साध्या फेंटनला ते तुटत नाहीत.

नुसत्या रंगासाठी मी जैविक टाकीनंतर ओझोनच घेईन. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) तिघांपैकी कुणीच कमी करत नाही; त्यासाठी आरओ (पडद्यातून क्षार गाळणं) सुटत नाही.

तरीही प्लाझ्माच घ्यायचा असेल, तर चाचणी तुमच्याच पाण्यावर करून घ्या आणि एक किलो सीओडी कमी करायला विजेची किती युनिट लागली ते लिहून घ्या. नमुन्यात उरलेलं पेरॉक्साइड सीओडी खोटाच वाढवून दाखवतं. ते आधी काढायला सांगा.