मिग-21 की जग्वार? ग्राउंड क्रूच्या नजरेतून

नागपुरात हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं हेडक्वार्टर असल्यानं वायुसेनानगरच्या आसपास रिटायर्ड टेक्निशियन काका भरपूर भेटतात, अन् मिग-21 की जग्वार, यातलं कोणतं लढाऊ विमान बरं हा विषय निघाला की दोन गट पडतातच.

मिगवाले म्हणतात इंजिन बदलायचं तर विमानाचा मागचा अख्खा भाग सोडवून मागे ओढावा लागायचा, मग इंजिन बाहेर, मग नवीन आत, मग परत सगळं जुळवा, टेस्ट करा, अन् हे सगळं मे महिन्यात राजस्थानच्या उन्हात जिथं पत्र्याला हात लावला तर चटका बसतो. ब्रेक हवेच्या दाबावर, म्हणून बाटल्यांचं प्रेशर सारखं बघायचं. उतरल्यावर ड्रॅग शूट, म्हणजे विमानाचा वेग कमी करणारं पॅराशूट, गोळा करून परत नीट पॅक करायचं, ते वेगळंच.

जग्वार 1979 ला आलं, आपल्याकडे नाव शमशेर. पाय उंच, पंख वर, त्यामुळे खाली उभं राहून बॉम्ब लावायला ऐसपैस जागा. इंजिनं दोन, पण ती खालून उतरवता येतात, शेपटी सोडवायची गरज नाही. कामाच्या सोयीनं जग्वारच भारी, माझं तरी स्पष्ट मत आहे.

पण जीव कशावर जास्त होता विचारा, बहुतेक काका मिगच म्हणतात भाऊ! 1963 ते 2025, किती पिढ्यांचे हात लागलेत त्याला. सप्टेंबरात चंदीगडला निरोप दिला तेव्हा टीव्हीसमोर बसून रडलेली माणसं मी पाहिलीत, अन् त्यांचं नाव कुठंच छापून आलं नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.