बॅटरीवरचा टॉप-हँडल चेनसॉ : एक उन्हाळा, एक पावसाळा झाडावर वापरल्यावर

सोसायट्यांच्या झाडांची छाटणी करून पोट भरणाऱ्यांसाठी हे लिहितोय. दारातल्या आंब्याच्या चार फांद्या काढायच्या असतील तर एवढा खर्च करू नका, चांगली हातकरवत पुरते.

टॉप-हँडल म्हणजे मागची मूठ मशीनच्या वरच असलेला, झाडावर चढून वापरायचा छोटा चेनसॉ. माझं मशीन 36 व्होल्टचं, 12 इंची बारचं (बार म्हणजे चेन जिच्या कडेने फिरते ती लांब पट्टी). स्टिल, हस्कवर्ना, मकिता या तिघांचीही या वर्गातली मशीनं मिळतात आणि पुढचं बहुतेक सगळं कुठल्याही मॉडेलला लागू आहे. ठाण्यात घोडबंदर रोड आणि वसंत विहारच्या बाजूची पावसाळ्याआधीची छाटणी, मग पावसात मोडून लोंबकळणाऱ्या फांद्या, अशी दोन्ही प्रकारची कामं त्याच्यावर झाली.

सुख कशाचं, तर दोरी ओढायची कटकट गेली. बेचक्यात बसून गरम पेट्रोल मशीन चालू करताना खांद्याचं काय होतं ते चढणाऱ्यालाच ठाऊक. शिवाय लिटरला 20 मिली टू-स्ट्रोक ऑइल मोजून घाला, कार्ब्युरेटर साफ करा. इथे ट्रिगर दाबला की चेन फिरते, सोडला की थांबते. दोन कापांच्या मध्ये पूर्ण शांतता, त्यामुळे दोर धरणारा खालून "थांबा, स्कूल बस आली" म्हणाला तर ऐकू येतं. सोसायटीच्या आवारात ही फार मोठी सोय आहे.

पण पेट्रोल मशीनचा आवाज लोकांना लांब ठेवायचा, तेही लक्षात घ्या. बॅटरीच्या मशीनखालून लोक फोनवर बोलत बिनधास्त जातात. आता पट्टी बांधून जागा अडवल्याशिवाय मी वर चढत नाही, आणि खालच्या माणसाने "मोकळं" म्हटल्याशिवाय फांदी सोडायची नाही. मशीन हार्नेसला (अंगावरच्या सुरक्षा पट्ट्याला) अडकवण्याआधी चेन जागीच रोखणारा चेन ब्रेक लावायचाच. आवाज नसल्यामुळे मशीन चालू स्थितीत आहे हे विसरायला होतं, आणि झाडात ट्रिगरमध्ये अडकायला डहाळ्यांची कमी नसते.

खरा धोका मात्र वजनाचा, म्हणजे वजन नसण्याचा. मशीन हलकं, मूठ वरच्या बाजूला. डावा हात आपोआप फांदी धरायला जातो. आमच्या धंद्यात निम्मे लोक असंच कापतात. बारच्या टोकाचा वरचा कोपरा मागच्या फांदीला टेकला की मशीन उसळून थेट तोंडाकडे येतं, आणि ते रोखायला पुढच्या मुठीवर, अंगठा खालून वळवलेला डावा हातच लागतो. दोन्ही हात मोकळे हवेत तर शरीर दोरांनी नीट धरलेलं पाहिजे. म्हणून वर मशीन चालवताना मी दोन ठिकाणी बांधलेला असतो: वरून आलेला चढायचा दोर आणि खोडाभोवती स्टीलच्या गाभ्याचा लॅन्यार्ड, म्हणजे हार्नेसला जोडलेला आखूड दोर. ताणलेल्या दोराला फिरती चेन नुसती लागली तरी तो तुटतो. स्टीलचा गाभा थोडा वेळ देतो, पण तोही चेनपुढे कायम टिकत नाही. कमरेला काथ्याचा दोर गुंडाळून हे मशीन वापरणार असाल तर कृपया घेऊच नका.

आता पाय वाचवणाऱ्या चेनसॉ पँटबद्दल. चेन लागली की तिच्यातले लांब धागे बाहेर ओढले जाऊन दातचाकात गुंततात आणि चेन थांबते. क्लास 1 च्या पँटची चाचणी सेकंदाला 20 मीटर चेन-वेगावर होते, क्लास 2 ची 24 वर. तुमच्या मशीनचा वेग मॅन्युअलमध्ये बघून घ्या. इलेक्ट्रिक मोटर सहज अडत नाही, म्हणून लेबलवर बॅटरी मशीनबद्दल काय लिहिलंय तेही वाचा. टाइप ए ची पँट पाय फक्त पुढून झाकते. झाडावर पाय कुठेही वळतो, तेव्हा सगळीकडून झाकणारी टाइप सी हवी. मे महिन्यात ठाण्याच्या दमट उकाड्यात ती अंगावर असणं हा छळ आहे. मी काम सकाळी लवकर सुरू करून ऊन चढायच्या आत खाली उतरतो, पँट मात्र काढत नाही.

बॅटरीची गोष्ट वेगळीच. उन्हात सलग कापलं की ती तापते, आणि तापलेली चार्जरवर लावली तर निवेपर्यंत चार्जिंग सुरूच होत नाही. दोन बॅटऱ्या आलटून-पालटून लागतात. तारांजवळच्या फांद्यांसाठी महावितरणकडून शटडाऊन घेतलेला असेल (तो घेतल्याशिवाय त्या फांदीला हात लावायचा नाही), तर नेमकी त्याच दिवशी आवारातही लाइट नसते. वॉचमनच्या केबिनमधल्या प्लगच्या भरवशावर राहू नका, घरून सगळ्या भरून न्या.

झाडांचं म्हणाल तर गुलमोहराचं ओलं लाकूड लोण्यासारखं कापतं, पण फांदी न सांगता मोडते, दोराने बांधूनच उतरवा. पर्जन्यवृक्षाच्या आडव्या फांद्यांना टोकाला प्रचंड वजन असतं. आधी खालून काप, मग थोडं बाहेर वरून, आणि शेवटी उरलेला खुंट, फांदी खोडाला जुळते तिथल्या फुगीर कड्याला न दुखावता. नाहीतर साल खोडापर्यंत सोलत जाते. वडाचा चीक चेनवर वाळून बसतो. नारळाच्या झावळ्यांना हे मशीन लावूच नका, तिथे कोयताच बरा.

चेन लवकर बोथट होते याचं कारण बहुतेक वेळा झाडातले खिळे. पाट्यांचे, लाइटिंगच्या माळांचे, सालीखाली गिळलेले. कचकन आवाज येतो, आणि पुढचा काप एका बाजूला वळायला लागतो, कारण एका बाजूचे दात गेलेले असतात. माझ्या चेनला 4 मिलिमीटरची गोल कानस लागते, बारीक पिचच्या (कड्या जवळजवळ असलेल्या) चेनला 3.2. बोथट चेन बॅटरीही खाते. चेनला जळकं इंजिन ऑइल घालायची आपल्याकडे रीत आहे. त्यातला धातूचा चुरा पंपात बसतो आणि ते कातडीलाही वाईट. बार ऑइलच घ्या.

तक्रार एकच, ठेवलेल्या मशीनमधून तेल गळतं. सर्व्हिसवाल्याने "सगळ्यांचंच गळतं" म्हणून परत पाठवलं. आता टाकी रिकामी करून, खाली ट्रे ठेवून ठेवतो.

पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी काढली का, हे सेक्रेटरीला आधी विचारा आणि कागद बघा. महाराष्ट्राच्या 1975 च्या झाडं जपण्याच्या कायद्यात "वरचंवरचं छाटायचंय" ही सबब चालत नाही.

जुनं पेट्रोल मशीन विकलेलं नाही. जाड बुंधा जमिनीवर तोडायला तेच काढतो. बजेट तुटपुंजं असेल तर आधी हार्नेस, लॅन्यार्ड, हेल्मेट आणि पँट घ्या. मशीन पुढच्या सीझनला.