चिपविरहित टॅग लहान करायचा असेल, तर कोणती रचना घ्यावी?

चिपविरहित आरएफआयडी टॅगमध्ये, म्हणजे रेडिओ लहरींनी वस्तू ओळखण्यासाठी तिच्यावर लावायच्या पट्टीत, स्मृती नसते. त्यावरील तांब्याच्या आकृत्या ठरावीक वारंवारतांवर रीडरच्या (टॅग वाचणाऱ्या यंत्राच्या) लहरीत जो बदल घडवतात, तीच त्याची ओळख असते. बेळगाव भागातील जे विद्यार्थी शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी असा टॅग करू पाहतात, त्यांच्यासमोर मुख्यतः दोन रचना असतात. टॅग निपाणीच्या तंबाखूच्या पोत्यावर लावायचा की उद्यमबागेतील फाउंड्रीच्या कास्टिंगवर, हे आधी ठरवावे आणि मगच रचना निवडावी, असे माझे मत आहे.

पहिल्या रचनेत एक अँटेना लहर घेते, मधली रेझोनेटरांची (एकेका ठरावीक वारंवारतेलाच प्रतिसाद देणाऱ्या आकृत्यांची) रांग तिच्यात खाचा पाडते, म्हणजे त्या वारंवारता क्षीण करते, आणि पहिलीशी काटकोनात असलेली दुसरी अँटेना ती परत पाठवते. येणारी आणि जाणारी लहर ध्रुवीकरणामुळे (लहरीच्या कंपनाच्या दिशेमुळे) वेगळी राहत असल्याने वाचन स्वच्छ होते. ऑस्ट्रेलियातील मोनाश विद्यापीठात २००९ साली याच पद्धतीने ३५ बिटांचा (एका रेझोनेटरला एक बिट) टॅग झाला. मात्र त्याचा आकार ८८ × ६५ मिलिमीटर होता.

दुसऱ्या रचनेत वेगळ्या अँटेना नसतात. एकात एक बसवलेली तांब्याची कडी स्वतःच लहर परावर्तित करतात. कड्याचा परीघ एका तरंगलांबीएवढा धरला, तर एफआर-४ बोर्डवर (काचतंतू आणि इपॉक्सीच्या नेहमीच्या सर्किट बोर्डवर) ३ गिगाहर्ट्झचे कडे ढोबळ हिशेबाने १९ मिलिमीटर व्यासाचे येते आणि वरच्या वारंवारतांची कडी त्याच्याच पोटात मावतात. पोत्यासाठी मी निःसंकोच हीच रचना सुचवीन, कारण गोल कडे कोणत्याही कोनातून सारखेच वाचले जाते. मात्र कडी फार जवळ आणली, तर ती एकमेकांच्या वारंवारता सरकवतात, म्हणून एखादा बिट बदलण्यासाठी एक कडे काढल्यावर शेजारच्या कड्यांचे काय होते, हे सिम्युलेशनमध्ये प्रत्येक वेळी तपासावे लागते.

याहून मोठी अडचण बोर्डची आहे. एफआर-४ चा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (बोर्डमध्ये तरंगलांबी किती आखूड होते हे ठरवणारा आकडा) ४.२ ऐवजी ४.६ निघाला, तर ६ गिगाहर्ट्झचे कडे सुमारे २०० मेगाहर्ट्झने खाली घसरते, आणि दोन बिटांमधील अंतर तेवढेच ठेवले असेल, तर संपूर्ण संकेतच चुकीचा वाचला जातो. तेव्हा ज्या बोर्डवर टॅग करायचा, त्याच्याच तुकड्यावर एक चाचणीचे कडे कोरून मोजणे टाळू नये. तंबाखूतील ओलाव्यानेही वारंवारता खाली येते, त्यामुळे मोजणी भरलेल्या पोत्यावरच करावी.

कास्टिंगवर मात्र ही साधी कडी चालत नाहीत. धातूचे परावर्तन त्यांच्या उत्तराला झाकून टाकते, आणि सममित असल्यामुळे ती ध्रुवीकरणही बदलत नाहीत. तेथे पाठीमागे तांब्याचा पूर्ण थर ठेवून ४५ अंशांत तिरक्या पट्ट्यांचे रेझोनेटर घ्यावेत. अशा टॅगचे उत्तर काटकोनातील ध्रुवीकरणात येते आणि दोन अँटेनांची जागाही वाचते.