अपोकॅलिप्स वर्ल्ड: तयार जग नाही, जग रचायची हत्यारं

रोल-प्लेइंग गेमसाठी (टेबलाभोवती बसून, एकेक पात्र होऊन गोष्ट रचायचा खेळ) प्रलयानंतरचं जग रचायला घेतलं की बहुतेक सूत्रधार, म्हणजे खेळ चालवणारे, आधी इतिहास लिहायला बसतात: कोणतं युद्ध, कोणता विषाणू, कोणतं साल. खेळाडूंना त्यात फारसा रस नसतो. त्यांना आज पाणी कुठे मिळेल ते हवं असतं. डी. व्हिन्सेंट बेकर यांच्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ या खेळाच्या पुस्तकानं (२०१०, दुसरी आवृत्ती २०१६) हा इतिहास सरळ गाळून टाकलाय. विध्वंसाला सुमारे ५० वर्षं झाली, तो का झाला ते कुणालाच ठाऊक नाही, आणि माणसांच्या मनात शिरणारं एक वादळ सतत घोंघावतंय. पुस्तक एवढंच देतं. बाकीचं पहिल्या सत्रात, सूत्रधारानं खेळाडूंना विचारलेल्या प्रश्नांतून उभं राहतं.

फाशांचं गणित सोपं आहे. दोन सहाबाजू फाशांची बेरीज, त्यात पात्राचा त्या बाबतीतला गुण मिळवायचा: १० किंवा जास्त आले तर काम फत्ते, ७ ते ९ आले तर काम होतं पण काहीतरी मोजावं लागतं, ६ किंवा कमी आले की पुढची खेळी सूत्रधाराची. गुण शून्य असो वा +२, मधला पट्टा ३६ पैकी १५ वेळा येतो. +१ ला १६ वेळा. म्हणजे जवळजवळ निम्म्या वेळा ‘हो, पण…’. त्या ‘पण’मध्ये घालायला तुमच्या जगात दुर्मीळ वस्तू आधीच ठरलेल्या नसतील, तर तिसऱ्या-चौथ्या फेकीलाच सूत्रधार अडखळतो.

म्हणूनच पुस्तकाचा गाभा धोक्यांच्या प्रकरणात आहे. पहिल्या आवृत्तीत धोके ‘फ्रंट’मध्ये, म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या धोक्यांच्या गटांत, बांधलेले होते आणि प्रत्येक फ्रंटच्या मुळाशी एक टंचाई: भूक, तहान, भीती, अज्ञान, झीज, हताशा, मत्सर, महत्त्वाकांक्षा. दुसऱ्या आवृत्तीत फ्रंट गेले, धोक्यांचा वर्तुळाकार नकाशा आला. नकाशा वापरायला सुटसुटीत, पण टंचाईची ती यादी वहीत उतरवून ठेवाच. ‘पाणी कमी आहे’ हे नुसतं वातावरण झालं. ‘पंपाचा वॉशर एकाच म्हातारीला बदलता येतो आणि तिला वस्तीच्या म्होरक्याची भीती वाटते’ म्हटलं की खेळ सुरू होतो.

धोक्याला सहा घरांचं घड्याळ लावता येतं, संकट किती जवळ आलंय ते दाखवणारं: ३, ६, ९, १०, ११, १२. नऊच्या आत संकट टाळता येतं. नऊनंतर ते येणारच, फक्त सावरायला वेळ असतो. बाराला ते कोसळतं. नवखे सूत्रधार दर सत्राला एक घर यांत्रिकपणे भरत जातात. मग खेळाडूंनी काहीही केलं तरी संकट ठरल्या वेळी येतं आणि घड्याळ निव्वळ वेळापत्रक होतं. प्रत्येक घरासमोर डोळ्यांना दिसेल अशी घटना लिहा: ‘६ – पंपाला गंजाचं पाणी’. ती घडली तरच घर भरायचं. एकाच वेळी तीन-चार घड्याळं पुरेत.

उणीव आहे ती हिशेबात. म्होरक्याच्या प्लेबुकमधली (प्लेबुक म्हणजे एका प्रकारच्या पात्राचे नियम) वस्ती ७५ ते १५० जणांची. तिची टंचाई ‘भूक’, आणि वस्ती २०० ते ३०० वर नेली की ‘रोगराई’ही जोडली जाते. हे उत्तम सुचलंय. पण लिटर-किलोचा हिशेब पुस्तक तुमच्यावर सोडतं. तो असा मांडा: पिणं, रांधणं, धुणं धरून माणशी रोज १५ लिटर, म्हणजे १५० जणांना २,२५० लिटर. दहा हजार लिटरचा टँकर साडेचार दिवसही पुरत नाही. नुसत्या पिण्यापुरतं ३ लिटर धरलं तर बावीस दिवस. टँकर लुटणं केवढं मोठं संकट आहे हे टेबलावर लगेच कळतं.

इंधनाचं तर त्याहून वाईट. ड्रायव्हर आणि चॉपर (दुचाकीस्वार टोळीचा प्रमुख) ही प्लेबुकं गाड्यांवर जगतात, पण साठवलेलं पेट्रोल साधारण वर्षभरात खराब होतं आणि टायरचं रबर काही वर्षांत तडकतं. पन्नास वर्षांनी गाडी धावायची तर कुणीतरी आजही इंधन गाळत असणार. पुस्तक तिकडे काणाडोळा करतं. तुम्ही करू नका: धान्यापासून अल्कोहोलची भट्टी लावणारी एक टोळी घाला. वस्तीनं तेच धान्य खायचं की जाळायचं, यावरून तुमचा पहिला धोका आपसूक तयार होतो.

मजकूर प्रौढांसाठी आहे. शरीरसंबंधांवर स्वतंत्र नियम आहेत, ते वगळायचे तर पहिल्या सत्राआधी सगळ्यांशी बोलून घ्या. रेडीमेड नकाशा, राक्षसांची यादी, लुटीचे तक्ते हवे असतील तर हे पुस्तक घेऊ नका.