बरणीतली मेणबत्ती: सोया की पॅराफिन, आणि वात कोणती?

समईतली वात मंदावली की आपण ती बोटानं जरा पुढे सारतो. ज्योत भडकली तर मागे ओढतो, तेल संपत आलं तर ओततो. बरणीतल्या मेणबत्तीत यातलं काहीच करता येत नाही. मेण थिजलं की वातीची जाडी, मेणाचा प्रकार, सुगंधाचं प्रमाण सगळं पक्कं होतं, आणि मग ती बरणी दुसऱ्याच्या घरात, आपल्या नजरेआड, तीस-तीस तास जळणार असते. यंदा दिवाळीला घरी मेणबत्त्या करून ओळखीत विकाव्यात असं तुमच्या मनात असेल, तर कुठलं मेण आणि कुठली वात हे ठरवायला खालची तुलना उपयोगी पडेल. मी पुण्यात, स्वयंपाकघराच्या ओट्यावर, सरळ भिंतीच्या एकाच मापाच्या बरणीत करते: आतला व्यास ७ सेंमी, मेण १५० ग्रॅम. इथले सगळे अनुभव त्या बरणीचे आहेत. बरणी बदलली तर वातीचं उत्तर बदलेल.

मेण

सोया मेण म्हणजे हायड्रोजन देऊन घट्ट केलेलं सोयाबीनचं तेल. वनस्पती तूप ज्या प्रक्रियेनं होतं तीच ही. एवढं लक्षात ठेवलं की सोयाचे बरेच स्वभाव आपोआप कळतात. तूप सावकाश थंड झालं की कसं रवाळ होतं! सोयातही थंडावताना स्फटिक धरतात आणि वर किंवा काचेच्या आतून पांढुरकी झाक येते. तिला फ्रॉस्टिंग म्हणतात. जळण्यावर तिचा काही परिणाम नाही, पण गडद रंग घातला असेल तर ती फार उठून दिसते. म्हणून सोया घेणार असाल तर रंगाचा आग्रह सोडा. नुसतं दुधट सोया मेण साध्या काचेत सुंदरच दिसतं.

पॅराफिन हे खनिज तेलाच्या शुद्धीकरणातून मिळणारं मेण. स्वस्त, कुठेही मिळणारं, रंग चटकन घेणारं, आणि सुगंध मोकळेपणानं सोडणारं. पण आपल्या बाजारात लाद्यांमध्ये मिळतं ते बहुधा ५८ ते ६० अंशांना वितळणारं कडक मेण असतं. ते साच्यातल्या उभ्या मेणबत्त्यांसाठी उत्तम. बरणीत ओतलं तर थंड होताना इतकं आकसतं की वातीभोवती खड्डा पडतो आणि मेण काचेपासून सुटतं. खड्डा भरायला दुसऱ्यांदा ओतावं लागतं. पॅराफिनच घ्यायचं असेल तर बरणीसाठीचं मऊ पॅराफिन मागून घ्या.

उन्हाळ्याचा विचार इथेच करायला हवा. बरणीसाठीचं मऊ सोया साधारण ४६ ते ५० अंशांना वितळतं. मे महिन्यात विदर्भातला पारा पंचेचाळिशी गाठतो, आणि उन्हात उभ्या गाडीच्या आत त्याहून कितीतरी जास्त तापतं. मी एकदा मेमध्ये सहा बरण्या नागपूरला पाठवल्या होत्या. पोचल्या तेव्हा मेण वितळून पुन्हा थिजलं होतं आणि वाती एका बाजूला कलल्या होत्या. तेव्हापासून मार्च ते जून मी निव्वळ सोया बाहेरगावी पाठवत नाही. त्या दिवसांत ७० भाग सोया आणि ३० भाग पॅराफिन असं मिश्रण करते. ते थोडा जास्त ताप सोसतं, खड्डाही पडत नाही, आणि वासही निव्वळ सोयापेक्षा लवकर पसरतो. 'शंभर टक्के सोया' असं मात्र मग लेबलावर लिहिता येत नाही, आणि लिहूही नये.

सोया म्हणजे काजळी नाहीच, असं अनेक जण सांगतात. ते खरं नाही. ज्योतीला पुरेशी हवा मिळाली नाही किंवा वात लांब राहिली, तर कुठलंही मेण काजळी धरतं.

मधमाशांचं मेण सुरेख जळतं, पण महाग आहे, ६२ ते ६४ अंशांना वितळतं, आणि त्याला स्वतःचा मधाचा वास असल्यामुळे वरून घातलेला सुगंध दबतो. सुरुवातीला नको. जेल मेणाचं गणित पूर्ण वेगळं, ते या तुलनेत धरलेलं नाही.

वात: खरा निर्णय इथे

मेणबत्तीत जळतं ते मेणाचं बाष्प. ज्योतीच्या उष्णतेनं मेण वितळतं, वात ते वर ओढते, टोकाशी त्याची वाफ होते आणि ती वाफ पेटते. म्हणजे वात हा इंधनाचा पंप झाला. पंप लहान पडला तर मध्येच विहीर खणल्यासारखा बोगदा होतो आणि वात स्वतःच्याच मेणात बुडून विझते. मोठा झाला तर ज्योत उंच होते, वातीच्या टोकाला काजळीचं बोंड धरतं, काच तापते.

घरात कापूस असतो, वाती वळता येतात, मग त्याच का नकोत, असं मला बरेच जण विचारतात. फुलवात निरांजनात छान चालते, कारण तिच्याभोवती तुपाचं छोटंसं तळं असतं आणि जळणं थोडा वेळच असतं. बरणीतली वात विणलेली लागते. १८२५ साली कांबासेरेस या फ्रेंच माणसानं वेणीसारखी विणलेली वात आणली. जळताना ती टोकाला वाकते, टोक ज्योतीच्या सर्वांत उष्ण कडेत जातं आणि तिथेच जळून नाहीसं होतं. वळलेल्या कापसाच्या वातीला किंवा साध्या सुती दोऱ्याला हे जमत नाही. त्यांची काजळी साठतच जाते.

मग उरतात तीन पर्याय. विणलेली सुती वात, जिच्यात कधी कागदाचे धागेही असतात, ही माझी पहिली निवड. जस्ताची तार असलेली वात ताठ उभी राहते, पॅराफिनमध्ये बरी चालते, सोयात मला ती कमी ताकदीची वाटली. तार असलेली सुटी वात कुठली आहे माहीत नसेल तर टोक सोलून तार पांढऱ्या कागदावर घासून पाहा. पेन्सिलीसारखी करडी रेघ उठली तर ते शिसं असू शकतं, ती वात फेकून द्या. शिशाच्या तारेच्या वातींवर अमेरिकेत २००३ मध्ये बंदी आली. तिसरी लाकडी वात. तिची चटचट ऐकायला फार आवडते, पण ती मधूनमधून विझते, ३-४ मिमीपर्यंत नीट कापावी लागते, आणि लाकूड ओल धरतं त्यामुळे पावसाळ्यात पेटायला त्रास देते. पहिल्या वर्षी तिच्या वाटेला जाऊ नका.

मापांबद्दल एक इशारा. परदेशी वाती सीडी, इको, एचटीपी अशा मालिकांत येतात आणि सीडी १० म्हणजे इको १० नव्हे. दुकानदार 'दहा नंबर' म्हणाला तर 'कुठल्या मालिकेची?' हे विचाराच. सोयासाठी ७ सेंमीच्या बरणीत इको ८ ते १२ किंवा सीडी १० ते १४ या टप्प्यात तीन मापं घेऊन सुरुवात करा. त्याच बरणीत पॅराफिन असेल तर एखादं माप लहान पुरतं, कारण वितळलेलं सोया जास्त दाट असतं आणि वातीतून सावकाश चढतं.

माझ्या वहीतली एक चाचणी सांगते. तीन बरण्या, एकच सोया, सुगंध नाही, फक्त वात वेगळी. मोठ्या वातीनं दीड तासात कडेपर्यंत मेण वितळवलं, तिसऱ्या तासाला टोकावर बोंड आणि बरणीच्या तोंडाशी काळा पट्टा. ती बाद. मधली वात तीन तासांत बरोबर कडेला पोचली. लहान वातीच्या भोवती चार तासांनंतरही जवळपास सेंटिमीटरभर मेणाची कड तशीच उभी होती. तेव्हा मला मधलीच योग्य वाटली होती.

पण मी तिन्ही बरण्या शेवटपर्यंत जाळल्या. बरणी अर्धी रिकामी झाली की ज्योत खाली काचेच्या भिंतींमध्ये जाते. उष्णता आत कोंडते, ताजी हवा कमी पोचते. मधल्या वातीची ज्योत शेवटच्या तिसऱ्या भागात लपलपायला लागली आणि काच हाताला सोसेना. लहान वातीची मागे राहिलेली कड मात्र दुसऱ्या-तिसऱ्या वेळी आपोआप वितळून गेली आणि ती तळापर्यंत शांत जळली. वातीचा निकाल तळाशी लागतो. पहिल्याच दिवशी जी वात कडेपर्यंत छान वितळवते, ती बहुतेक वेळा एक माप मोठी असते.

सुगंध

सुगंधी तेल वजनानं मोजा, मिलिलिटरनं नाही. १५० ग्रॅम मेणाला ८ टक्के म्हणजे १२ ग्रॅम. दशांश ग्रॅम दाखवणारा काटा हा या छंदातला सर्वांत उपयोगी खर्च. मेण पाण्याच्या पातेल्यात ठेवून वितळवा, थेट गॅसवर कधीच नाही. ७५ ते ८० अंशांना तेल घालून दोन मिनिटं हळूहळू ढवळा, मग सोया ५५ ते ६० अंशांना बरणीत ओता. (मेणानं पेट घेतलाच तर झाकण ठेवून गॅस बंद करायचा. पाणी अजिबात ओतायचं नाही.)

सहा, आठ की दहा टक्के? जास्त तेल म्हणजे जास्त वास हे एका मर्यादेपर्यंतच खरं. मेणाला पेलवेल त्याहून जास्त झालं की तेल पाझरून वर घामासारखं दिसतं आणि वातीत अडकतं. मी सहानं सुरुवात करते आणि क्वचितच आठच्या वर जाते. वातीच्या दृष्टीनं प्रत्येक सुगंध हा वेगळा पदार्थ आहे. संत्र्या-लिंबासारखे हलके वास सहज जळतात. चंदन, व्हॅनिला यांचे जड घटक वात गुदमरवतात, तिथे एखादं माप मोठी वात लागते. म्हणजे मोगऱ्यासाठी पास झालेली वात चंदनासाठी पुन्हा तपासायची. व्हॅनिलाच्या बऱ्याच तेलांनी पांढरं मेण काही आठवड्यांत तपकिरी होतं, हेही आधी जाणून घ्या.

अत्तर, अगरबत्तीचं सेंट, आणि मेणबत्तीसाठीचं फ्रेग्रन्स ऑइल यांत शेवटचंच घ्यावं. विक्रेत्याकडून फ्लॅश पॉइंट (तेलाची वाफ ज्या तापमानाला पेट घेऊ शकते तो अंश) आणि इफ्राचं, म्हणजे सुगंध उद्योगाच्या जागतिक संघटनेच्या निकषांचं, प्रमाणपत्र मागा. त्यात मेणबत्त्या बाराव्या गटात असतात. गवती चहा किंवा सिट्रोनेलासारखी नैसर्गिक तेलं चालतात, पण त्यांचा वास लवकर उडतो. गुलाबपाणी घातलंत तर फोडणीत पाणी पडल्यासारखं तडतडेल. कापूर कुटून घालू नका, रंगासाठी मेणाचे खडू वितळवू नका, आणि वर सुक्या गुलाबपाकळ्या किंवा दालचिनी सजवू नका. कापूर भडकतो, खडूचं रंगद्रव्य वात तुंबवतं, पाकळी ही दुसरी वात होते.

आता वेळ. पॅराफिन दोन-तीन दिवसांत वासाला तयार होतं. सोयाला दहा ते चौदा दिवस झाकून ठेवावं लागतं. चौथ्या दिवशी 'वासच येत नाही' म्हणून सोया टाकून देणारे मी पाहिलेत, आणि वाईट वाटतं, कारण दोन आठवड्यांनी तीच बरणी खोली भरून टाकते.

चाचणी कशी, आणि कुणी काय घ्यावं

एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी मेण आणि बरणी नक्की करा, मग वात, मग सुगंध, आणि सुगंधानंतर पुन्हा वात. दर वेळी वात ५-६ मिमी उरेल अशी कापून चार तास जाळायची, पूर्ण थंड होऊ द्यायची, मग पुन्हा. जाळण्याआधी आणि नंतर बरणी वजन करा. माझ्या बरणीत तासाला चार-साडेचार ग्रॅम मेण जळतं. त्याहून बरंच जास्त जळत असेल तर वात मोठी आहे. वितळलेल्या मेणाची खोली सेंटिमीटरच्या आत हवी, आणि काच बाहेरून ६० अंशांच्या वर जायला नको. चाचणी पंखा बंद ठेवून करा, पण एकदा पंखा एकवर ठेवूनही पाहा, कारण घेणाऱ्याच्या घरी तो चालू असणारच. वासाचा निर्णय स्वतः घेऊ नका. दिवसभर तेलं हुंगून आपलं नाक थकलेलं असतं. माझ्याकडे हे काम आई करते. तासाभरानं बाहेरून येते आणि दारातच सांगते, 'मोगरा आहे, पण देवघरापुरताच.'

दिवाळीला दोन महिने आहेत आणि धीर आहे, तर सोया आणि विणलेली सुती वात घ्या. वातीची एक फेरी, सुगंधाची एक, पुन्हा वातीची एक, आणि मधले मुरण्याचे दिवस धरले तर श्रावणात सुरुवात करावी लागते. दिवाळी तीन आठवड्यांवर आली असेल तर बरणीचं पॅराफिन किंवा मिश्रण, एकच सुगंध, एकच बरणी. पाच सुगंधांची यादी छापू नका, तेवढ्या चाचण्या होणार नाहीत. उन्हाळ्यात लग्नाच्या भेटी पाठवायच्या असतील तर मिश्रणच. आणि फक्त घरासाठी, रविवारी दुपारी करायची असेल तरी मेण तुमच्या आवडीचं घ्या, पण दोन वाती आणा आणि दोन बरण्या भरा.

काच मात्र जाड आणि मेणबत्तीसाठीचीच हवी, चहाचा ग्लास नको. तळाशी सेंटिमीटरभर मेण उरलं की ज्योत विझवायची. ते मेण वाया जात नाही, काचेला तेवढं सांभाळायला लागतं. माझ्या प्रत्येक लेबलावर हे एक वाक्य मोठ्या अक्षरांत असतं.